उपासाला चालणारं फळ

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. तीन पुडांचा, कडीचा. एक कडी वाकडी आहे, पण झाकण घट्ट बसतं. काचीगुड्याच्या भांड्यांच्या दुकानात गीताबाईंनी मला घेतलं आणि दुकानदाराकडून लगेच नवऱ्याचं नाव कोरून घेतलं : उत्तमराव सोनकांबळे. मित्रांनो, भांड्यावर नाव असलं की ते हरवत नाही म्हणतात. खरं आहे. पण नाव वाचून लोक हात आखडतात, हेही खरं आहे.

तीस वर्षं मी अंबरपेठेतून नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीत गेलो. दुपारी सगळे एका टेबलाभोवती बसत. डबे फिरत. ह्याची भाजी त्याच्या पानात, त्याचं लोणचं ह्याच्या. मी मात्र उघडून बसायचो आणि दुसऱ्या कुणाचा हात न लागता बंद व्हायचो. शेजारच्या खुर्चीवरचे मुकुंदराव दिलदार माणूस. "घ्या हो सोनकांबळे, घरचं लोणचं आहे!" म्हणून वरून वाढायचे. उत्तमरावांनी मला पुढे सरकवलं की म्हणायचे, "आज उपास आहे." त्यांचा उपास आठवड्यातून पाच दिवस असे आणि माझं झाकण निघालं की सुरू होई. पहिलं वर्षभर उत्तमरावांनी लोणचं घेतलं. मग एके दिवशी म्हणाले, "मलाही उपास आहे." त्यानंतर त्यांनी बाहेर कुणाचंच खाल्लं नाही. लग्नात नाही, बारशात नाही. त्यांचा एकच नियम : जो माझ्या डब्यात हात घालणार नाही, त्याचं मी खाणार नाही. घरात चिडणंही त्यांनी सोडलं. गीताबाई म्हणत, "दगड झालाय तुमचा." ते म्हणत, "हौ."

मुलगा नागसेन जपानात कारखान्यात इंजिनिअर आहे. मागच्या नोव्हेंबरात त्यानं दोघांना बोलावलं. मीही गेलो, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. नागसेननं गाडीनं एका डोंगरातल्या गावी नेलं. अख्खा डोंगर लाल, पिवळा. पानं वाऱ्याशिवाय गळत होती. गीताबाई लहान पोरीसारख्या वर बघत फिरल्या. उत्तमरावांनी कचेरीचा नोटीस बोर्ड बघावा तसा डोंगर बघितला.

मुक्काम तोमिको नावाच्या म्हातारीच्या घरी होता. वळचणीला काकी नावाची तिकडची सोललेली केशरी फळं दोरीला टांगून वाळत घातलेली. तिनं गुडघे टेकून दोन्ही हातांनी ताटं ठेवली : नव्या तांदळाचा भात, त्यात उकडलेले चेस्टनट, रानातल्या अळंब्या, आणि पिठात बुडवून तळलेली झाडाची लाल पानं.

"अगं बाई, ही तर ओव्याच्या पानाची भजी!" गीताबाईंनी दोन संपवलीसुद्धा.

उत्तमरावांनी ताट मागे सारलं आणि मला उघडलं. "तिला सांग, मी माझा डबा आणलाय."

"पप्पा, इथं पण? तिला काय माहीत आपलं?"

"सांग म्हणलो ना."

"एवढं लांब येऊन भाकरीच खायची होती, तर अंबरपेठ काय वाईट होतं?" गीताबाईंचा आवाज चढला. "एकदा तरी माणसावाणी दुसऱ्याच्या हातचं खा."

नागसेननं सांगितलं. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग काहीतरी बोलली.

"पप्पा, आजी विचारतात, त्यांना एक तुकडा मिळेल का?"

उत्तमरावांनी मला दोन बोटांनी पुढे ढकललं. तोमिकोनं हात जोडले, माझ्यात हात घातला, भाकरी मोडली, चटणीला लावली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, हसली. आणि पुन्हा हात घातला.

उत्तमरावांनी ताट ओढलं. सगळं खाल्लं. शीतही ठेवलं नाही.

"कसं लागलं?" गीताबाईंनी विचारलं.

"काय माहीत. कळलं नाही."

इतकी वर्षं बंद ठेवलेली जीभ एका जेवणानं कशी उघडेल?

सकाळी तोमिकोनं मला घासून, पुसून, वाळलेली काकी भरून परत दिलं. डबा रिकामा परत करू नये, हे आपल्या घरोघरी बायका सांगतात. पण घराबाहेर मला भरून परत देणारी ती पहिली.

अंबरपेठेला आल्यावर मुकुंदराव भेटायला आले. आता तेही रिटायर. "काय हो, जपान!" म्हणाले. उत्तमराव उठले, मला घेऊन आले आणि त्यांच्यासमोर उघडलं.

"आज जरा उपास..."

"फळ आहे," उत्तमराव म्हणाले. "उपासाला चालतं."

मुकुंदरावांनी माझ्यावरचं नाव वाचलं. तीस वर्षांत शंभरदा वाचलेलं. हात मांडीवरून उठला, थांबला. "शुगर वाढलीय हो माझी," ते म्हणाले. गीताबाईंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

उत्तमरावांनी झाकण लावलं. राग नाही, काही नाही. मुकुंदराव निघाले तेव्हा दार उघडून दिलं. मग येऊन बसले, झाकण काढलं आणि एक काकी तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले.

"गोड आहे," म्हणाले. गीताबाई आत होत्या. मी ऐकलं.

मित्रांनो, मला जपा, घासा, पोचे काढा, असं मी सांगणार नाही. ते तुमच्या आया करतातच. शाळेत तुमच्या शेजारी कुणी डबा उघडला, तर झाकणावरचं नाव वाचत बसू नका. हात घाला. तिखट लागलं तर पाणी प्या, आणि पुन्हा हात घाला.