दुपट्यासकट दोन किलो शंभर

मी काटा बोलतोय. भाजीचा नव्हे, बाळं जोखायचा. वर कडी, मधे स्प्रिंग, खाली कापडी झोळी. चौऱ्याहत्तर साली एस.टी.नं वेल्ह्याला आलो आणि नर्सबाईंच्या पिशवीत बसून डोंगरातली घरं हिंडलो. कुणाच्या चुलीवर काय शिजतं, कुणाची सासू रुसली, सगळं मला ठाऊक. माणसं मला आवडायची.

ज्या योजनेसाठी मला आणलं, ती चांगली होती. बाळ दिवस भरण्याआधी झालं, दोन किलोच्या आत भरलं, की बाईंनी आठवड्याला दोनदा जायचं. ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं ते शिकवायचं, आईला गूळ-शेंगदाणे द्यायचे. वर्षानं साहेब येऊन बघणार, मदत मिळालेली मुलं जास्त वाढली की न मिळालेली.

बनाबाईला आठव्याच महिन्यात मुलगी झाली. रडायचंही त्राण नव्हतं पोरीला. नजर लागू नये म्हणून सासूनं, रतनबाईंनी, रिवाजाप्रमाणं दुपट्यात लोखंडी अडकित्ता गुंडाळलेला. नर्सबाई आल्या. तिसराच दिवस, घरात सोयर. बाईंनी मला पडवीच्या वाशाला अडकवायला लावलं, नाकाला पदर धरला आणि लांबूनच म्हणाल्या, "सोडू नका, दुपट्यासकट ठेवा."

मी दोन किलो शंभर दाखवलं. दुसरं काय दाखवणार? झोळीत लोखंड टोचत होतं, पण काट्याला बोलता कुठं येतं. बाईंनी आकडा लिहिला. पोरगी मदतीतून बाद.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या ठकुबाई सुईण पोरीला तेल लावायला बसल्या, तेव्हा अडकित्ता हाताला लागला. नर्सबाईंचा मुक्काम शाळेत होता. तशीच पोर पदराखाली घेऊन त्या तिथं बाईंपुढं आल्या. परत जोखा म्हणाल्या. बाई म्हणाल्या, एकदाच जोखायचं असा नियम आहे, वही साहेबांकडं जाते, खाडाखोड चालत नाही.

"वही मरत न्हाई बाई. पोर मरंल."

ठकुबाईंनी खिडकीच्या गजाला मला स्वतःच अडकवलं आणि पोर उघडी ठेवली. पावणेदोन भरली. ते बघायला बाई उठल्यासुद्धा नाहीत.

पुढचं मला ठकुबाईंच्याच तोंडून कळलं. दुसऱ्या घरी बाई शिकवत असताना त्यांनी दाराआडून सगळं ऐकलेलं, तेच इथं केलं. पोर आईच्या उघड्या छातीशी बांधली, वर घोंगडी. दूध पिळून चमच्यानं थेंब थेंब पाजलं. रतनबाई आठ दिवस नुसतं पाणी तापवत राहिल्या.

पोरगी जगली. वर्षानं साहेबांपुढं माझ्या झोळीत बसून पाय झाडत होती. सात किलो. साहेब खूश झाले. म्हणाले, ही बिनमदतीची, तरी वाढली, म्हणजे मदतीचा तसा काही उपयोग दिसत नाही. ठकुबाई सांगायला उठल्या, तर त्यांना गप्प बसवलं. बाईंना सगळं माहीत होतं. त्या पेन्सिलीला टोक करत बसल्या.

योजना बंद झाली. त्याच पावसाळ्यात वरच्या वाडीत फुलाबाईचं दीड किलोचं लेकरू गेलं. ठकुबाईंना ओढा ओलांडता आला नाही, आणि दुसरं कोणी जायचं उरलं नव्हतं.

आता मी एका कपाटावर पडून आहे. स्प्रिंग ढिली झाली, आकडे पुसले. शेजारीच ती वही आहे, स्वच्छ अक्षराची. मला खुशाल मोडीत घाला. फक्त तिच्यासोबत एका सुतळीत बांधू नका. शिसारी येते मला.