हरतालिकेच्या दुपारी सापडलेले ठोके

सुनीतीकाकूंचा फोन आला तेव्हा माझी हरतालिकेची पूजा नुकतीच आटोपली होती.

"नमिता, लगेच ये गं. आमच्या सुनेचं बाळ सकाळपासून हललंच नाहीये."

मी आशा सेविका. खांदेश्वरच्या आमच्या भागातल्या गरोदर बायकांकडे माझं रोजचं जाणं-येणं. काकूंच्या सुनेला, क्षिप्राला, आठवा महिना चालू होता. देवीला हात जोडले आणि पिशवी उचलली. पिशवीत आरोग्य केंद्रातून नुकतंच मिळालेलं डॉप्लर होतं, पोटावर टेकवून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचं मशीन. ट्रेनिंग झालं होतं, पण एकटीनं ते अजून कुणाला लावलं नव्हतं.

क्षिप्रा पलंगावर बसली होती. ओठ सुकलेले, मेंदीचे दोन्ही हात पोटावर.

केंद्रातल्या डॉक्टर सहर मॅडमना मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आज काय काय खाल्लंस, क्षिप्रा?"

"काही नाही. निर्जळी आहे ना."

"आठव्या महिन्यात? पाणीसुद्धा नाही?"

"हात जोडले हो मी हिच्यापुढे," काकू म्हणाल्या. "पण ऐकेल तर शपथ!"

"लग्नानंतरची पहिलीच हरतालिका आहे, आई. मोडली आणि काही वाईट झालं तर?"

"आमच्याकडे रोज्यात गरोदर बाईला सूट असते," मॅडम म्हणाल्या. "तुमची देवी काय एवढी कडक हेडबाई आहे का? नमिताताई, हिला आधी साखरपाणी पाजा, डाव्या कुशीवर झोपवा, मग ठोके बघा. आणि ठोके मिळोत न मिळोत, हिला इकडे आणायचंच आहे. रिक्षा बोलवून ठेवा."

काकूंनी रिक्षाला फोन केला आणि सरबताचा पेला भरून आणला. क्षिप्रानं तोंड फिरवलं.

"ताई, तुम्ही पण निर्जळीच ना? तुम्ही पाळायची आणि मी मोडायची?"

लग्न झाल्यापासून माझी हरतालिका कधी चुकली नव्हती. मी मनातल्या मनात म्हटलं, गौरीमाई, तू बघतेच आहेस. आणि पेला तोंडाला लावून गटागट रिकामा केला.

रिकामा पेला काकूंच्या हातात दिला.

"काकू, आता हिचा भरा," मी म्हटलं. "देवी रागावलीच, क्षिप्रा, तर दोघींवर रागावेल. मी आहे ना सोबत."

ती आधी हसली, मग रडली, मग प्यायली.

तिला कुशीवर झोपवून मी जेल लावलं, मशीन टेकवलं. नुसती खरखर. मग आवाज आला. धप्... धप्... धप्. मशीनवर आकडा आला, शहाण्णव. बाळाचे ठोके एकशेदहाच्या वर हवेत, हे आम्हाला पक्कं शिकवलं होतं.

"मॅडम, शहाण्णवच आहेत हो!"

काकूंनी देवाचा धावा सुरू केला.

"थांबा. घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "मशीन हलवू नका. दुसऱ्या हातानं तिची नाडी धरा."

मी हिरव्या बांगड्या वर सारून मनगट धरलं. बोटाखाली ठोका, मशीनमध्ये ठोका. पुन्हा तसंच.

"मॅडम, दोन्ही एकदमच पडतायत!"

"मग ते तिचेच आहेत, नमिताताई! उपाशीपोटी घाबरलीय, म्हणून एवढे. बाळाचे अजून सापडलेलेच नाहीत. खाली सरका. अजून डावीकडे. सावकाश."

मी सरकत गेले. खरखर, परत खरखर. आणि मग, कुणीतरी पायऱ्यांवरून टपटप टपटप उतरत यावं तसा आवाज! मनगटातल्या ठोक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो आपल्याच नादात पळत होता. आकडा एकशे चव्वेचाळीस.

"हे... हे माझं?" क्षिप्रानं विचारलं.

"तुझं नाही, माझ्या नातवंडाचं!" काकू ओरडल्या. "अगं बाई, काय ही घाई!"

"मिळालं!" मोबाइलमधून मॅडम आमच्याहून मोठ्यानं ओरडल्या. "पण म्हणून घरी बसायचं नाही हां. नीट तपासायचंय. निघा!"

रिक्षात क्षिप्रा आमच्या दोघींच्या मध्ये बसली. स्टेशनच्या वळणावर तिनं माझा हात ओढून पोटावर दाबला. आतून चांगलीच लाथ बसली.

"हललं! आई, हललं!"

रिक्षावाल्यानं दचकून ब्रेक मारला. "काय झालं? थांबू काय?"

"थांबू नकोस रे बाबा, चल!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "फक्त खड्डे तेवढे बघ."