हिरव्या पेनाचे गोल

चोवीस वर्षं मी पेपर तपासतेय, पण यंदासारखी किळस कधी आली नव्हती.

यंदा आम्हा प्रत्येकाला एकेक हिरवं पेन दिलं होतं. इंग्रजी निबंधातल्या जोडशब्दांना, म्हणजे मोरओव्हर, देअरफोर, ऑन द अदर हँड अशांना, हिरवा गोल करायचा. दोन गोलांना एक गुण, दहांना पाच. उरलेले पाच मजकुराचे. प्रमुख परीक्षक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की वाचत बसू नका, गोल मोजा.

क्लासवाल्यांना हे आधीच कळलं असणार, कारण पोरांनी यादी घोकूनच आणली होती. विषय होता आवडती व्यक्ती. माझी आजी प्रेमळ आहे, मोरओव्हर ती म्हातारी आहे, ऑन द अदर हँड तिला दोन मुलं आहेत. एका महाभागाने तर उरलेले सात शब्द शेवटच्या ओळीत नुसतेच मांडून ठेवले होते. मी मुकाट्याने त्यांनाही गोल केले. असे चाळीस पेपर झाले.

एक्केचाळिसावा पेपर एका मुलीचा होता. अक्षर डावीकडे कललेलं. तिचे वडील हॉटेलात भांडी घासतात, पाणी कढत असतं, एवढं सांगून तिने लिहिलं होतं: बाबांचे हात खरखरीत आहेत. ते माझ्या गालावरून पालथा हात फिरवतात.

मी पेन खाली ठेवलं. या दोन वाक्यांच्या मधे कुणाची काय बिशाद आहे शब्द घालायची? मजकुराला पाचपैकी पाच दिले, जे मी जन्मात कुणाला दिले नव्हते. गोल मात्र एकही नाही. बाकीच्या पेपरात एकोणतीस होते, म्हणजे चौतीस झाले. पास व्हायला पस्तीस लागतात. एका गुणासाठी पोरीचं वर्ष जाणार होतं.

मी साहेबांकडे, म्हणजे प्रमुख परीक्षकांकडे गेले. निबंधात एकही जोडशब्द नाही, तरी एक गुण वाढवू द्या म्हटलं. त्यांनी पेपर हातातही घेतला नाही.

"मॅडम, आज तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या दुसऱ्या तपासनिसाच्या नाही आलं, तर त्या मुलाने काय करायचं? गोल सगळ्यांना सारखे दिसतात."

त्यात तथ्य होतं, याचाच मला जास्त संताप आला.

तपासणीच्या खोलीत निळ्या पेनाला बंदी असते. पोरं निळ्यानेच लिहितात, तेव्हा का ते उघड आहे. माझ्या पर्समध्ये सामानाची यादी लिहायचं एक होतं. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली तशी मी त्याच दोन वाक्यांच्या सुरुवातीला एकेक शब्द घुसवला. एक मोरओव्हर, एक देअरफोर. अक्षर डावीकडे कलवलं. मग हिरवं पेन काढून दोन्हींना गोल केले आणि वर पस्तीस लिहिले. चोवीस वर्षांत असलं काही केलं नव्हतं. डबा तसाच राहिला.

काठावरचे पेपर नियमाने साहेबांकडे जातात. संध्याकाळी ते तो पेपर घेऊनच खोलीत आले.

"मॅडम, तुम्ही नीट बघितलं नव्हतंत. दोन होते की."

"हो. चष्मा बदलायला झालाय," मी म्हटलं.

सगळ्यांना हात थांबवायला सांगून ते म्हणाले की पुढच्या वर्षी नव्या तपासनिसांना हाच नमुना दाखवायचा. दोनच जोडशब्द, पण निबंध कसा बांधला गेला बघा. माझं वाचन चांगलं, म्हणून पेपर माझ्याच हातात दिला.

मी वाचायला लागले. बाबांचे हात खरखरीत आहेत, इथवर आले आणि थांबले.

"देअरफोर," साहेबांनी आठवण करून दिली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तो शब्द मोठ्याने वाचला.