पासष्ट नव्हे, छप्पन्न

मी एक जुना कॉलर माईक आहे. हरभऱ्याएवढं डोकं, त्यावर स्पंजची काळी टोपी, पाठीला चिमटा आणि दोन हात लांब वायर, एवढाच माझा संसार. टोपी एका बाजूने झिजली आहे आणि चिमटाही आता ढिला झाला आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणालाही काही विचारावंसं वाटणार नाही, म्हणून मी आपणहूनच सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही बारा जण एका खोक्यात होतो. बाकीचे कुठे गेले कोण जाणे. मी आलो एका कॉलेजात. ग्रंथालयाच्या मागे फाटकी पुस्तकं टाकायची एक खोली होती. तिच्या भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवले, खिडकीवर जाड पांघरूण ठोकलं आणि दारावर ‘रेकॉर्डिंग कक्ष’ अशी पाटी लावली. पंखा सुरू केला की तो माझ्या कानात घरघरायचा, म्हणून तो बंदच असे. आत येणारा प्रत्येक प्राध्यापक घामाने निथळत बाहेर पडायचा. या सगळ्याचा कारभार एका मध्यमवयीन गृहस्थांकडे होता. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा मला रोज मऊ फडक्याने पुसत, वायर नीट गुंडाळून ठेवत. त्या काळात माझे फार लाड झाले.

कॉलेजने तेव्हा एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक ऑनलाइन अभ्यासक्रम बनवायचा, अगदी मोफत, कुठल्याही गावच्या शिक्षकाने घरी बसून पाहावा असा. गुण कसे द्यावेत, निकाल कसा वाचावा, हे त्यात शिकवायचं होतं. ते काम संख्याशास्त्राच्या सरांकडे आलं. सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे कायमचे नव्हते. दरवर्षी नव्याने बोलावणं आलं तर यायचं, नाही आलं तर घरी बसायचं. अशी सोळा वर्षं त्यांनी काढली होती.

मित्रांनो, मी पुष्कळांच्या सदऱ्यावर बसलो. काहींची छाती इतकी धडधडायची की शब्दच ऐकू येत नसत. सरांच्या सदऱ्यावर मात्र मला बरं वाटायचं. ते कॅमेऱ्याकडे पाहून बोलत नसत, समोर कोणीतरी बसलं आहे असं समजून बोलत.

त्यांची शिकवण्याची एक खोड होती. वर्गात ते फळ्यावर मुद्दाम एक चूक करत आणि गप्प उभे राहत. मुलं आधी एकमेकांकडे बघत. मग मागच्या बाकावरून कोणीतरी भीत भीत म्हणे, “सर, ते चुकलंय बहुतेक.” त्या दिवशी सरांची स्वारी खुशीत असे.

चौथ्या धड्याला त्यांनी तेच केलं. एका वर्गात दहा मुलं, सरासरी गुण ऐंशी. दुसऱ्या वर्गात चाळीस मुलं, सरासरी पन्नास. दोन्ही वर्ग मिळून सरासरी किती? सरांनी ऐंशी आणि पन्नासची बेरीज केली, निम्मे केले आणि ठसठशीत पासष्ट लिहिले. मग थांबले.

त्या खोलीत हरकत घ्यायला कोण होतं? दादा कॅमेऱ्यामागून हातवारे करू लागले. सर पुढचं विसरले, असं त्यांना वाटलं. सर दोन मिनिटं तसेच उभे राहिले. त्यांचा श्वास मी ऐकत होतो. मग ते म्हणाले, “कोणीच हरकत घेत नाही? मग मीच घेतो. मोठ्या वर्गाचं वजन जास्त धरायला नको का? उत्तर छप्पन्न.” आणि त्यांनी सगळा हिशेब पुन्हा उलगडून दाखवला. इतका सुंदर धडा माझ्यातून कधी गेला नव्हता.

व्हिडिओ दहा मिनिटांच्या आत बसवायचा, असा नियम होता. दादांनी ती शांतता कापली आणि तिच्यामागून आलेलं छप्पन्नही कापलं. एकच गणित दोनदा सांगितलंय, असं त्यांना वाटलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सरांना स्वतःचा चेहरा पडद्यावर बघायला लाज वाटे, त्यामुळे त्यांनीही तो धडा उघडून पाहिला नाही. ती त्यांचीही चूकच.

अभ्यासक्रम गाजला. आठ हजार शिक्षकांनी तो पूर्ण केला. सत्कार झाला, फोटो निघाले. त्यानंतरच्या वर्षी विभागप्रमुख बाईंनी सरांना बोलावलं. एक व्याख्यान रेकॉर्ड करायला सरांनी मला नेलं होतं; मला परत द्यायला ते निघाले होते, म्हणून मी त्यांच्या खिशातच होतो.

“सर, आता मुलांनाही वर्गात तुमचेच व्हिडिओ लावतो, तुमचे तास त्यावरच होतात,” बाई म्हणाल्या. “यंदा बोलवता येणार नाही. मलाही बरं वाटत नाही हो सांगताना.”

सर “बरं” म्हणाले. एवढंच. मग मला परत द्यायला ते दादांकडे गेले.

कॉलेजात तोवर बिनवायरचे नवे माईक आले होते. दादा म्हणाले, “राहू द्या सर तुमच्याकडेच. इथे कोण विचारतंय याला.” असा मी सरांच्या घरी, टेबलावरच्या पेनांच्या डब्यात आलो. गेली तीन वर्षं मी तिथेच आहे.

दुसऱ्या एका कॉलेजने नोकरीसाठी सरांकडे शिकवण्याचा नमुना मागितला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चौथा धडा उघडला. पासष्टनंतर लगेच पुढचा विषय सुरू झाला. सरांनी तो भाग चार वेळा लावला.

त्यांनी दादांना फोन केला. दादा रडवेल्या आवाजात म्हणाले, “मूळ रेकॉर्डिंग पुसलं हो सर, जागा नव्हती. मला कसं कळणार?” मग बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एकदा मंजूर झालेल्या अभ्यासक्रमाला हात लावला की सगळी मंजुरी नव्याने घ्यावी लागते. अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर सरांचं शिक्षक म्हणून असलेलं खातंही बंद झालं होतं.

मित्रांनो, माझ्यातून आवाज जातो, माझ्यात राहत नाही. ते छप्पन्न मी पोटात जपून ठेवलं असतं तर! त्या दिवशी मला माझ्या जातीची लाज वाटली.

शेवटी सरांनी आपल्याच अभ्यासक्रमाला विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं. शंकांच्या पानावर लिहायला तेवढीच वाट उरली होती. तिथे नावाऐवजी नोंदणी क्रमांक दिसतो. लिहिताना ते पुटपुटत होते, म्हणून मला कळलं. “चौथ्या धड्यातलं उत्तर चुकलं आहे. पासष्ट नव्हे, छप्पन्न. कृपया याप्रमाणे कोणाचा निकाल लावू नका.”

दोन दिवसांनी कुठल्याशा कॉलेजातल्या एका शिक्षिकेचं उत्तर आलं. सरांची बायको नर्स आहे. ती ड्युटीवरून येऊन चहा घेत होती. सरांनी तिला ते वाचून दाखवलं. “आपण धडा लक्ष देऊन ऐकलेला दिसत नाही. सर असे चुकणार नाहीत. आम्ही तीन वर्षं याच पद्धतीने निकाल लावतो. व्हिडिओ पुन्हा पाहावा.”

बायको हसायला गेली आणि मध्येच थांबली. “अहो, सांगून टाका ना, ते सर मीच म्हणून.”

“माझ्या नावामुळे पटणार असेल, तर मग मी शिकवलं काय?” सर म्हणाले. “तीन वर्षं, गं. किती पोरांचे निकाल असे लागले असतील.” मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मी हे पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांनी एकच ओळ लिहिली, “एकदा स्वतः बेरीज करून बघा.” त्याला अजून उत्तर आलेलं नाही. सर रोज सकाळी ते पान उघडतात आणि मिटतात.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. पडद्यावरचा माणूस कितीही गोड आवाजात सांगो, हिशेब आपल्या हाताने करून पाहा. आणि चुकलंय असं वाटलं तर भीत भीत का होईना, बोला. पलीकडे कोणीतरी त्याचीच वाट बघत गप्प उभं असतं.