पोटाशी बांधलेली ओटी

मी एक जुने लुगडे आहे. खरे म्हणजे अर्धेच उरले आहे. माझा मूळ रंग विचारू नका, मित्रांनो, तो आता मलाही आठवत नाही.

अमडापूरच्या बाजारातून तानाबाईंनी मला घेतले. त्यांचा गोविंदा जन्मला तेव्हा माझ्याच पदरात गुंडाळला होता. पुढे मी विरले, फाटले आणि कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी झाले. गोविंदाची बायको निशिगंधा मला पोटाशी बांधून माझ्यात कापूस भरायची. तेव्हा तिच्या पोटात राखी होती. बाहेरून कापूस, आतून बाळ! आत काय चालले असेल, म्हणून मी सारखे कान लावून असायचे.

राखी चार वर्षांची झाली, तरी खोकला-ताप तिची पाठ सोडेना. मला कोडे पडायचे, तिच्या बाटलीतलेही औषध आणि कपाशीवर फवारतात तेही औषधच कसे?

निशिगंधाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा गावच्या आशा सेविका सुचिताताई घरी आल्या. त्यांनी मागच्या खेपेचे विचारले.

"फवाऱ्याजवळ म्या तिले कधी जाऊ देल्लं नाही," तानाबाई म्हणाल्या.

"अन् फवारलेला कापूस ती कशात वेचे?" सुचिताताई म्हणाल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला लपावेसे वाटले.

"मंग राखी याच्यानंच बिमार पडते काय?" निशिगंधाने विचारले.

"एका पोरीवरून तसं नाही सांगता येत. पण पोटात असताना हे जहर पोचलं, तर लेकराची रोगाशी लढायची ताकद कमी होऊ शकते, असं काही अभ्यासात दिसलं. शोध अजून चालूच हाय. म्हणून या खेपेले जपायचं."

निशिगंधाने कापूस वेचणे सोडले. नववा महिना लागला तशी तानाबाईंनी मला तीनदा धुतले आणि बाळाचे दुपटे करायला कात्री घेतली. मी हरखून गेले. पण सासूचा शब्द कधी न मोडणाऱ्या निशिगंधाने माझे टोक घट्ट धरले.

"आत्याबाई, हे नको."

तानाबाईंनी मला बाजूला ठेवले. मग त्यांनी पेटी उघडली, लेकाच्या लग्नात नेसलेले लुगडे काढले आणि त्यालाच कात्री लावली.

मित्रांनो, त्या बाळाला गुंडाळायची मला फार इच्छा होती. तरी निशिगंधाचेच बरोबर होते. शेतातले कापड घरात घेण्याआधी, ते कशाकशात भिजले हे नक्की विचारा. पोटातल्या बाळाला विचारता येत नाही.