लक्ष्मण उठेपर्यंत

तोंडवलीच्या रामाच्या देवळात एक रीत आहे. उत्सवातल्या संध्याकाळच्या कीर्तनात लक्ष्मणाला शक्ती लागली, की दाजीबुवा खरोखर जमिनीवर आडवे होणार, आणि ते उठेपर्यंत गजर थांबवायचा नाही. थांबला तर द्रोणागिरी घेऊन येणारा हनुमंत वाटेत अडखळतो म्हणे. देवाला ठाऊक! पण त्या मूर्च्छेसाठी विजयदुर्गाहून माणसं टेम्पो करून येत, आणि बुवा उठले की म्हाताऱ्याकोताऱ्या डोळे पुसत घरी जात. असं सुख पैशांनी मिळत नाही.

पेटीवर भाई असायचा. लहानपणापासूनचे दोघे दोस्त. बुवांचं गुपित त्याला एकट्याला माहीत होतं. मूर्च्छेत पडल्यावरही बुवांच्या उजव्या पायाचा अंगठा तालावर, दर समेला हलत असे. भाईची एक नजर कायम त्या अंगठ्यावर.

यंदा मात्र नजर गेलीच नाही. बुवा असे पडले की भाईच्या अंगावर काटा आला. घशातून घरघर काढली, तीही नवीन. "वा बुवा!" म्हणून त्याने भाता जोरात ओढला आणि डोळे मिटून गजरात शिरला. आग्नेसबाई, शेजारच्या वाडीतल्या शिक्षिका, दरवर्षी कीर्तनाला हौसेने येतात. त्या उठून काहीतरी ओरडत होत्या. भाईने त्यांना हातानेच गप्प केलं. मग बाईच माणसांना ढकलत पुढे आल्या आणि बुवांची छाती दाबायला लागल्या, तेव्हा कुठे पेटी थांबली.

अँब्युलन्सवाल्यांनी शॉक दिला. नाडी लागली. आता बुवा इस्पितळात काचेपलीकडे होते, तोंडात नळी, शुद्ध नाही. बुवांच्या पत्नी सुशीला बाकावर बसल्या होत्या. त्यांनी भाईला एवढंच विचारलं, "भाई, परत येतलो मां?"

ह्याचं उत्तर आणायला भाई डॉक्टर विनीतांकडे गेला होता. पण त्यांनी उलट त्यालाच विचारलं.

"हे पडले तेव्हा कोणी पाहिलं का?"

"सगळ्यांनी पाहिलं, मॅडम," भाई म्हणाला, आणि शुद्ध बोलता बोलता त्याचा तोल गेला. "सगळो गाव बघी होतो. पण दिसला कोणाक नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, सरळ सांगते. कोणी पडताना पाहिलं का, छाती दाबायला किती वेळाने सुरुवात झाली, शॉक लागू पडला का, ह्यावरून माणूस कितपत परत येईल ह्याचा अंदाज बांधतात. शॉक लागू पडला, ते चांगलं. वय झालंय, ते तेवढं चांगलं नाही. राहिला मधला वेळ. तो किती?"

"मी कमी सांगितला, तर तुम्ही जास्त प्रयत्न कराल?"

"प्रयत्न तेवढेच करणार. घरच्यांना काय सांगायचं, त्यासाठी विचारतेय."

भाईला वेळ माहीत नव्हता. गजर माहीत होता. म्हणून तिथेच व्हरांड्यात त्याने हळू आवाजात गजर धरला आणि डॉक्टर घड्याळ बघत राहिल्या. बाकावरचा एक परका म्हातारा हात जोडून डुलायला लागला.

"इतक्यात बाई इली," भाई थांबून म्हणाला.

"तीन मिनिटं, थोडी वर."

"खंय तीन?" सोबत आलेला तबलजी सुदेश खवळला. "भाई, तू दुगुनीत गातंस. दुगुन मागसून घेतलेली. आधी कितको वेळ ठायीत, सावकाश चललेलो!"

"मेल्या, ठाय कसली? तू तर पयल्यापासून पळी होतंस!"

"मी पळी होतंय? तुझे डोळे मिटलेले!"

भाईने पुन्हा पहिल्यापासून गजर धरला. सुदेशच्या चालीने म्हटलं तर सात मिनिटं झाली. तीन आणि सात. एकाच गजरात बुवा जगतही होते आणि मरतही होते. खरं कोणतं?

कोपऱ्यात आग्नेसबाई मनगटं चोळत होत्या. भाईने आशेने बघितलं, तशा त्या म्हणाल्या, "माका इचारू नको रे. शाळेत बाहुलीवर छाती दाबूक शिकवलेल्यानी. बाहुली घरघरणा नाय. म्हणान माकाच आधी समजला नाय, श्वास चलता का जाता तो."

"तो श्वास नव्हता," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "भल्याभल्यांना फसवतो. आता वाट पाहायची. तीन दिवसांआधी मी काही बोलणार नाही."

त्यांनी भाईला आत जाऊ दिलं. यंत्र सुसकारत होतं. भाईने आधी पाय बघितले. चादरीखाली उजवा अंगठा हलला. पुन्हा हलला.

"मॅडम! हलता!"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. बुवांना हाक मारली, अंगठा हलवा म्हटलं. काही नाही. मग आपोआप हलला. "नुसता झटका असेल. झटके असले तर ते चांगलं नाही. किंवा... मला आत्ता सांगता येत नाही."

भाई बाहेर आला. सुशीलावहिनी उभ्याच होत्या. सांगायला त्याच्याकडे तीन होते, सात होते, एक अंगठा होता.

"वयनी, माका कळणा नाय," तो म्हणाला. "देवळात मी तेचो अंगठो बघूक होयो होतो. बघूक नाय. आता बघतंय, तर समजणा नाय."

कसला अंगठा, असं वहिनींनी विचारलं नाही. अंगठ्याचं गुपित चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनाही ठाऊक असणार, हे भाईच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"चल," त्या म्हणाल्या. "तू गा. बघूचा काम मी करतंय."

आत जाऊन त्यांनी पायांवरची चादर सरकवली. भाईने तोंडातल्या तोंडात गजर धरला. अंगठा हलला. तालात? वाटलं तसं. मग भाईच्या मनात आलं, लय उतरवून बघावी. झटका असेल तर तो आपल्या चालीने जाईल. दाजी असेल तर थांबेल, माझ्याबरोबर येईल. आणि नाहीच आला तर? रामाचं नाव घेऊन त्याने गजर ठायीत आणला.

अंगठा थांबला.

भाईचे शब्द अडखळले. त्याने वहिनींकडे पाहिलं.

त्यांनी अंगठ्यावरची नजर काढली नाही. "थांबू नको रे," त्या म्हणाल्या. "सम अजून येवची आसा."