वरच्या बाईंचा पंत

मी पोपट बोलतोय. एखादी खुर्ची किंवा छत्री बोलायला लागली की लोक कौतुकानं कान देतात. पोपट बोलला की म्हणतात, "कुणीतरी पढवलं असेल." म्हणून आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं माझं स्वतःचं आहे. पढवलेलं फार थोडं आहे, आणि जिथे आहे तिथे तसं सांगेन.

मी हिरवा नाही. अंगानं राखाडी, शेपटी तेवढी लालभडक. झाडाच्या ढोलीत जन्मण्याचं भाग्य माझं नव्हतं. एका पक्षीवाल्याच्या मागच्या खोलीत, दिव्याच्या उबेला ठेवलेल्या लाकडी खोक्यात मी अंड्यातून बाहेर आलो. आई आठवत नाही. आठवतो एक वाकडा चमचा आणि त्यातलं कोमट, पातळ खाणं. डोळे उघडले तेव्हा समोर माणूसच होता, त्यामुळे मी स्वतःला माणूसच समजत होतो. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून समजतो.

तीन महिन्यांचा झालो आणि मास्तर मला घरी घेऊन गेले. मास्तरांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला, आता निवृत्त होऊन एकटेच राहत होते. मी टेबलावर मान खाली घालून, हात पाठीशी बांधल्यासारखा फेऱ्या मारायला लागलो तेव्हा ते पोट धरून हसले. "अरे, हे तर पंत!" झालं. तेव्हापासून मी पंत.

मास्तर दिवसभर घरीच असत. ते पेपर मोठ्यानं वाचत, मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर बसून ऐकत असे. त्यांच्याकडून मी दोनच गोष्टी शिकलो. एक त्यांचा खोकला आणि दुसरी "झालं का?" दूध तापत ठेवलं, झालं का? शब्दकोडं अडलं, झालं का? प्रश्न स्वतःलाच असायचा, पण उत्तराची वाट बघितल्यासारखे ते क्षणभर थांबत. त्या थांब्यात मीही विचारू लागलो. अकरा वर्षांत आम्ही दोघं दोन तासांपेक्षा जास्त कधी लांब राहिलो नाही.

मग एका सकाळी मास्तर उठले नाहीत. मी तीनदा विचारलं, "झालं का?" उत्तर आलं नाही. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. जो तो दुसऱ्याला एकच शब्द सांगत होता, "गेले." शब्द मला नवा होता, अर्थ नव्हता. थव्यातला एखादा डोळ्यांआड झाला की तो संपला, त्याला ससाण्यानं नेला, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. ते आमच्या अंगातच असतं.

मास्तरांची भाची मला घेऊन गेली. चाळिशीची, एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. नातेवाईक म्हणाले, "अगं, तुझी नोकरी अशी, कसं सांभाळशील?" ती म्हणाली, "मामाचा पंत परक्या घरी कसा जाईल?" विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाटीत दाणे भरले, पाणी ठेवलं आणि मला खांद्यावर घेऊन खिडकीशी नेलं. चार गल्ल्यांपलीकडे एक इमारत वर चढत होती आणि तिच्याही वर एक पिवळा लोखंडी हात आडवा पसरलेला होता. "ती क्रेन दिसते ना? तिथे वर असते मी. संध्याकाळी येते हं." मला पिंजऱ्यात ठेवून ती निघाली. दाराला कुलूप लागलं.

मी समजलो, ही पण गेली.

घसा बसेपर्यंत ओरडलो. मग गप्प बसून राहिलो. ऊन भिंतीवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून निघून गेलं. आणि मग कुलूप फिरलं. दारात ती उभी होती! अंगाला सिमेंटचा वास, केस विस्कटलेले, पण तीच. मी थक्क होऊन बघत राहिलो. गेलेलं माणूस परत आलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली आणि पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. एवढी मोठी गोष्ट ती रोज करायची, आणि आल्यावर चपला काढून नुसती पाणी प्यायची!

त्या पहिल्या संध्याकाळी आश्चर्यानं माझ्या तोंडून मास्तरांचा खोकला निघाला. ती पाण्याचा पेला हातात घेऊन होती, तशीच खाली फरशीवर बसली.

"पुन्हा," ती म्हणाली. "पंत, पुन्हा एकदा."

मी खोकलो. ती रडतही होती आणि हसतही होती.

पण दिवस दहा तासांचा होता. घड्याळ मला वाचता येत नाही, तरी दहा तास म्हणजे किती ते मला चोचीपासून शेपटीपर्यंत ठाऊक आहे. दाणे खाऊन होतात. घंटी वाजवून होते. भिंतीवरचा डाग बघून होतो. मग काय करायचं? तुम्ही माणसं विचारात पडलात की नखं खाता. मी छातीचं एक पीस ओढलं. दुखलं, पण काहीतरी घडलं. मग दुसरं ओढलं.

ती घरी आली आणि पिंजऱ्याखालचा पिसांचा सडा बघून तिला वाटलं मांजर शिरलं. मग तिला माझी छाती दिसली.

पक्ष्यांच्या डॉक्टरीण बाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. मी एकदा चावलोही. "आजार काही नाही याला," त्या म्हणाल्या. "हा एकटा पडलाय."

"मी नोकरी करते हो. दिवसभर घरी कशी बसू?"

"नोकरी सगळेच करतात. पण हा चार-पाच वर्षांच्या पोराएवढी समज घेऊन बसलाय, आणि जगेल पन्नास वर्षं. पोराला आपण असं कुलूप लावून जातो का?"

तिनं मला जवळ ओढलं. डॉक्टरीण बाईंचा आवाज मऊ झाला. "त्याला हाताला काम द्या. म्हणजे चोचीला. खाणं लपवून ठेवा, शोधू दे. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवत जा. आणि नाहीच जमलं तर भरल्या घरात द्या. त्यात कमीपणा नाही."

तिनं काय नाही केलं! तासभर आधी उठायची. कागदाच्या नळकांड्यांत सफरचंदाचे तुकडे दडवायची, दोरीला गाठी मारून त्यात दाणे खोचायची, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून, रेडिओ लावून जायची. मी सगळं तासाभरात उलगडून टाकायचो. रेडिओतल्या बाईला मी किती प्रश्न विचारले, पण ती माझ्याकडे ढुंकूनही न बघता आपलंच पुढे नेत राहायची. पोपटपंची म्हणतात ती हीच असावी. तीन महिन्यांत माझी छाती सोललेल्या बटाट्यासारखी झाली.

एका संध्याकाळी तिनं फोन लावला. "हो, माणसात राहायची सवय आहे त्याला. तुमच्याकडे पाच जण आहात म्हणून... हो, रविवारी या न्यायला." फोन ठेवून ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच रे." शब्द कळले नाहीत. पाठ कळली.

शुक्रवारी ती कामावर गेली तेव्हा तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीच्या जाळीची कडी नीट बसली नव्हती. मी चोचीनं ढकललं आणि जाळी उघडली.

मला जायला सगळं जग मोकळं होतं. पण माझ्या ओळखीची जागा त्यात एकच होती.

आकाश एवढं मोठं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! खोलीत मी पंधरा वेळा पंख मारले की भिंत यायची. इथे भिंतच येईना. घाबरून मी एका पाण्याच्या टाकीवर उतरलो. छाती भात्यासारखी हलत होती. दोन कावळ्यांनी तिथून हुसकलं. मग एक गच्ची, मग एक दिव्याचा खांब. तिथून वर पाहिलं तर तो पिवळा हात डोक्यावर होता, आणि खिडकीतून बोटभर दिसायचा तो इथे अर्धं आकाश व्यापून होता. मी असेल नसेल ती ताकद लावली. शेवटचे चार हात वाऱ्यानंच फेकल्यासारखा जाऊन मी केबिनीबाहेरच्या कठड्याला पंजे रोवले.

आत ती होती.

इतके दिवस मला वाटायचं, ही मला सोडून कुठेतरी मजेत असते. ती एका काचेच्या खोलीत एकटीच बसली होती, पाय लांब करता येतील एवढीच जागा. दोन्ही हात दोन दांड्यांवर. समोर, तारेच्या टोकाला, एक अख्खी सिमेंटची भिंत लटकत होती, खिडकीचं भोक असलेली. वाऱ्यानं ती हळूहळू गिरकी घेत होती. आणि त्या भिंतीच्या खाली, खूप खाली, मोहरीएवढी माणसं होती.

वॉकीटॉकीतून एक घोगरा आवाज येत होता. खालून इशारे देणारे काका होते ते. "वरच्या बाई, थोडं डावीकडे. वारा उठलाय, सावकाश."

तिनं मला पाहिलं. डोळे विस्फारले. ओठ हलले, "पंत!" आणि मग तिनं माझ्यावरून नजर काढून घेतली.

मी ओरडलो. केबिनीची काचेची झडप अर्धी उघडी होती, तिला ऐकू गेलं असणारच. तिनं मान वळवली नाही. वारा मला कठड्यावरून ढकलत होता, एक पंजा सुटला होता. पण मी तिच्या हातांकडे पाहिलं आणि ओरडायचं विसरलो. ती बोटं केसभर हलत होती, आणि तिकडे ती भली मोठी भिंत गिरकी थांबवून स्थिर होत होती, खाली खाली जात होती. रोज सकाळी ती माझी पाण्याची वाटी ठेवते ना, थेंब न सांडता, अगदी तशी. चार मोहऱ्यांनी हात वर करून भिंत धरली.

"टेकली, बाई. सोडा."

तेव्हा कुठे तिनं दांड्यांवरचे हात काढले. आणि इतका वेळ केसभर हलणाऱ्या त्याच हातांनी ती झडपेची कडी धसमुसळेपणानं खेचायला लागली. काय बोलावं मला सुचेना. पढवलेलं होतं तेच बोललो, मास्तरांच्या आवाजात.

"झालं का?"

"झालं रे, झालं," असं म्हणत तिनं मला आत ओढलं आणि जॅकेटाच्या आत छातीशी धरलं. तिचं काळीज माझ्यापेक्षा जोरात उडत होतं.

"वरच्या बाई, कुणाशी बोलताय?" वॉकीटॉकी विचारत होती.

"पाहुणा आलाय."

"एवढ्या वर? कुठून?"

"घरून," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला जॅकेटातूनच शिडीनं खाली आणलं. काकांनी हेल्मेट मागे सारून मला न्याहाळलं. "छातीला काय झालं याच्या?"

"दिवसभर एकटा असतो. स्वतःच उपटतो. रविवारी देऊन टाकतेय."

"उडत तुमच्यापर्यंत आला, आणि देऊन टाकताय?"

"मग काय करू, काका? नोकरी सोडू?"

काकांनी कान खाजवला. "आमची ही घरी शिवणकाम करते," ते म्हणाले. "दिवसभर मशीनशी बोलत असते. मशीन काही उत्तर देत नाही. याला ठेवून बघा. दिवसा तिचा, संध्याकाळी तुमचा."

तिनं तिथूनच फोन करून रविवारचं रद्द केलं. एवढी साधी गोष्ट तोवर कुणाला सुचली नव्हती, कारण तोवर तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

याला चार वर्षं झाली. रोज सकाळी ती मला काकूंकडे पोचवते. मी शिलाई मशीनचा आवाज इतका हुबेहूब काढतो की काकू पाय थांबवून मशीनकडे संशयानं बघतात. छातीची पिसं काही परत आली नाहीत, मुळंच गेली म्हणे. काकूंनी अस्तराच्या तुकड्याचं मला जाकीट शिवलं होतं. मी अर्ध्या तासात त्याच्या चिंध्या केल्या. त्या म्हणाल्या, "फिटिंग चुकलं असेल."

ती इमारत पूर्ण झाली. पिवळी क्रेन तुकडे होऊन निघून गेली. त्या लटकत्या भिंतीमागे आता कुणीतरी राहतं, खिडकीत टॉवेल वाळत घालतं. खालून जाणाऱ्यांना वाटतं, भिंत आहे. मी मात्र प्रत्येक वेळी मान वर करून बघतो. ही भिंत कुणीतरी हवेतून आणून ठेवली आहे, आणि मी ते पाहिलं आहे.

तुम्हालाही पोपट हवासा वाटत असेल. हौस वाईट नाही. पण आधी आपला दिवस बघा, नंतर पिंजरा. तुम्ही कामाला जाल, जायलाच हवं. मग तुमच्यामागे त्याच्याशी कोण बोलेल, हे घरात आणण्यापूर्वी ठरवा. स्वतःला जमत नसेल तर शेजारी विचारा, लाजू नका. आणि तरीही नसेल जमत, तर झाडावरचा बघा. तो तुम्हाला ओळखणार नाही, पण त्याची छाती पिसांनी भरलेली असेल.

आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण काकूंनी मशीनवर झाकण घातलंय, आणि जिन्यात कुणीतरी दोन-दोन पायऱ्या एकदम चढतंय. माफ करा, मला आता तुमच्याशी बोलायला वेळ नाही.